दाराबाहेरचे गाणे
ग्रीसची बुझूकी, तिचे वाग्गेयकार आणि अथेन्सची नभोवाणी

घरी अनोळखी पाहुणा आला की आपण आधी त्याचे नाव-गाव विचारतो आणि मग चहाचे आधण ठेवतो. रेडिओवरून आलेल्या आवाजाला मात्र असले काही विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तो सरळ माजघरापर्यंत येतो. पूर्वी रात्री उशिरा लघुलहरींवर काटा फिरवताना सिलोन आणि बी.बी.सी. यांच्यामध्ये कुठेतरी एखादे परके गाणे लागायचे. शब्द कळत नसत, देश कोणता तेही कळत नसे, पण हात खुंटीवरून निघत नसे. आता रेडिओ खिशातल्या दूरध्वनीत शिरला आहे. ग्रीसच्या सरकारी नभोवाणीचे ‘दुसरे केंद्र’ किंवा परदेशी राहणाऱ्या ग्रीकांसाठी चालणारा ‘ग्रीसचा आवाज’ महाजालावरून पुण्या-मुंबईत सहज ऐकता येतो. थंडीच्या दिवसांत अथेन्सचे घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते; आपली रात्रीची जेवणे आटोपून साडेनऊ वाजतात, तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा झालेले असतात.

त्या वेळी कान दिलात तर एक तंतुवाद्य हटकून ऐकू येईल. आवाज सतारीइतका गोल नाही, मेंडोलिनपेक्षा जाड, किंचित कडवट. हीच बुझूकी. आज ग्रीक नभोवाणी तिला मोठ्या मानाने मिरवते. २०१७ साली ‘रेबेतिको’ या बुझूकीच्या गाण्याला युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पण हेच गाणे एके काळी ग्रीस देशात दाराबाहेर उभे होते. पोलिसांनी त्याची वाद्ये फोडली, सरकारने शब्दांना कात्री लावली आणि प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. ते दार कसे उघडले, हीच ग्रीक गाण्याची खरी कथा आहे.

स्मिर्नाहून आलेली बिऱ्हाडे

आशिया मायनरच्या किनाऱ्यावर स्मिर्ना नावाचे श्रीमंत बंदर होते. आजचे तुर्कस्थानातील इझमीर. तिथे ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, यहुदी शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांच्या चाली गुणगुणत. १९२२ च्या सप्टेंबरात ग्रीस-तुर्कस्थान युद्धाच्या अखेरीस हे शहर जळाले आणि ग्रीक वस्ती मिळेल त्या बोटीने पळाली. पुढच्या वर्षी लोझानच्या करारात दोन्ही सरकारांनी लोकसंख्येची अदलाबदलच ठरवून टाकली. धर्म पाहून माणसे इकडची तिकडे झाली. १९२८ च्या ग्रीक शिरगणतीत निर्वासितांची संख्या बारा लाखांवर गेली होती. म्हणजे देशातल्या दर पाच माणसांमागे एक निर्वासित. फाळणीच्या कथा ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

अथेन्सचे बंदर पिरेअस. त्याच्या आजूबाजूला पत्र्याच्या नि फळ्यांच्या वस्त्या उठल्या. या लोकांनी बरोबर भांडीकुंडी फारशी आणली नव्हती, पण गाणे आणले होते. स्मिर्नाच्या मैफलीत व्हायोलिन, ऊद आणि संतूरच्या जातीचे सांतूरी वाजे. पिरेअसच्या गोदीत आधीपासूनच दुसरे एक गाणे होते. हमाल, खलाशी, तुरुंगाची हवा खाऊन आलेले उडाणटप्पू अड्ड्यावर बसून चिलीम ओढीत आणि बुझूकी वाजवीत. ही दोन गाणी एकाच चिखलात शेजारी आली आणि त्यांतून रेबेतिकोला त्याचे रूप मिळाले. विषय साधे होते: उपाशी पोट, दगा दिलेली प्रेयसी, तुरुंग, आई, चरस आणि मरण.

खाटिकखान्यातला वाग्गेयकार

आपल्या संगीतशास्त्रात ‘वाग्गेयकार’ असा सुंदर शब्द आहे. जो पद रचतो आणि चालही बांधतो तो वाग्गेयकार. ग्रीक भाषेतही तसाच शब्द आहे: ‘त्रागुदोपिओस’, म्हणजे गाणे घडवणारा. पिरेअसचा पहिला मोठा वाग्गेयकार म्हणजे मार्कोस वामवाकारिस. १९०५ साली सिरोस बेटावर गरीब कॅथलिक कुटुंबात त्याचा जन्म झाला. पोरवयातच तो पळून पिरेअसला आला. त्याने बोटींवर कोळसा वाहिला, गोदीत हमाली केली आणि शेवटी खाटिकखान्यात कातडी सोलण्याचे काम धरले. तिथे असताना एकाची बुझूकी त्याच्या कानावर पडली. सहा महिन्यांत हे वाद्य आले नाही तर सुऱ्याने स्वतःचा हात तोडीन, अशी प्रतिज्ञा आपण केली होती, असे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे. हात शाबूत राहिला, हे ग्रीक संगीताचे भाग्य.

१९३४ च्या सुमारास त्याने आणखी तिघांना बरोबर घेऊन ‘पिरेअसची चौकडी’ जमवली. १९३५ साली त्याने ‘फ्रांगोसिरिआनी’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ‘फ्रांगो’ म्हणजे कॅथलिक. आपल्या बेटावरच्या एका कॅथलिक मुलीवरचे हे गाणे. त्यात सिरोसमधल्या गावांची नावे माळेसारखी येतात. आज ग्रीसमध्ये लग्न असो की सहल, हे गाणे सुरू झाले की आजी आणि नात दोघीही बरोबर गातात. मार्कोसचा आवाज मात्र रूढ अर्थाने गोड नव्हता. घोगरा, धुळीने भरलेला, गोदीतल्या माणसाचा आवाज तो. पण ऐकणाऱ्याला वाटे, हा आपल्यातलाच कोणीतरी बोलतो आहे.

नऊ मात्रांचे कोडे

ग्रीक गाणे युरोपातले असूनही आपल्या कानाला परके का वाटत नाही, याचे कारण त्याच्या स्वरांत आहे. बुझूकीवाले आपल्या स्वरपंक्तींना ‘द्रोमोस’ म्हणतात, म्हणजे रस्ता. नावे पाहा: रास्त, हिजाज, सबाह. ही नावे अरबी-तुर्की मकामांतून आली. यांतला ‘हिजाजकार’ आपल्या भैरवाच्या स्वरांवर बसतो, कोमल रिषभ-धैवत आणि शुद्ध गंधार-निषाद. ‘मिसिर्लू’ हे १९२७ साली ध्वनिमुद्रित झालेले गाणे याच रस्त्याने जाते. पुढे १९६२ साली अमेरिकेत डिक डेलने ते विजेच्या गिटारवर भरधाव वाजवले आणि ते जगभर गेले. आपण पहाटे गातो तो भैरव पिरेअसच्या अड्ड्यावर मध्यरात्री वाजतो, एवढाच काय तो फरक!

गाणे सुरू होण्यापूर्वी वादक एकट्याने, तालाशिवाय, त्या रस्त्यावर थोडी फेरी मारून येतो. याला ‘ताक्सीमी’ म्हणतात. आपण त्याला आलाप म्हटले तर तो रागावणार नाही. मग ताल येतो. ‘झेइबेकिको’ हा त्यांतला राजा. मात्रा नऊ, बहुधा दोन, दोन, दोन आणि तीन अशा मोजाव्यात. शेवटच्या तिघांवर लय किंचित अडखळल्यासारखी वाटते आणि त्या अडखळण्यातच त्याचा जीव आहे. यावर माणूस एकटा नाचतो. दोन्ही हात पसरून, डोळे जमिनीला लावून, स्वतःशी बोलल्यासारखा. तो नाचत असताना दुसऱ्याने मध्ये शिरणे हा मोठा अपमान समजला जाई. १९६४ च्या ‘झोर्बा द ग्रीक’ चित्रपटातला नाच जगाला माहीत आहे. तो मात्र चित्रपटासाठी जुन्या खाटिकनाचावरून बेतलेला होता.

कात्री आणि नभोवाणी

४ ऑगस्ट १९३६ रोजी जनरल मेताक्सासने ग्रीसमध्ये हुकूमशाही आणली. त्याला देश स्वच्छ, शिस्तबद्ध आणि युरोपीय दिसायला हवा होता. तुर्की वळणाचे आलाप आणि चरसाची गाणी त्यात बसेनात. गाणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी त्याचे शब्द आणि चाल दोन्ही सरकारी परीक्षकापुढे ठेवणे भाग पडले. अड्ड्यांवर धाडी पडू लागल्या. ‘बाग्लामास’ नावाची बुझूकीची धाकटी बहीण आहे, आकाराने लहान. कोटाखाली लपवता येई म्हणून तिचे महत्त्व त्या दिवसांत फार वाढले.

याच राजवटीत, १९३८ साली, अथेन्सचे सरकारी नभोवाणी केंद्र झाप्पिओन या भव्य इमारतीत सुरू झाले. मेंढपाळाचा पावा आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ही त्याची सूचक धून, आणि ‘इथे अथेन्स’ ही निवेदकाची हाक. धून गुराख्याची होती खरी, पण गोदीतल्या हमालाच्या बुझूकीला त्या इमारतीत मान नव्हता. सुशिक्षितांचे हलके पाश्चात्त्य धर्तीचे गाणे, डोंगरी लोकगीते आणि वाद्यवृंद यांनी वेळापत्रक भरत असे.

तरी या केंद्राने एकदा देशाची लाज राखली. २७ एप्रिल १९४१ रोजी जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरत होत्या. निवेदक कोस्तास स्ताव्रोपुलोसने श्रोत्यांना सावध केले, की थोड्याच वेळात हे केंद्र ग्रीक राहणार नाही. ते जर्मन होईल आणि खोटे बोलेल, तेव्हा ते ऐकू नका. मग राष्ट्रगीत झाले. आपलेच केंद्र ऐकू नका असे सांगणारा निवेदक नभोवाणीच्या इतिहासात विरळाच.

ढगाळ रविवार

त्यानंतरचा हिवाळा दुष्काळाचा होता. अथेन्सच्या रस्त्यांवरून सकाळी प्रेते उचलावी लागत. वासिलिस त्सित्सानिस हा तरुण त्या काळात उत्तरेला, थेसालोनिकी शहरात, छोटेसे पेयगृह चालवून तिथे बुझूकी वाजवीत होता. १९१५ साली त्रिकाला गावी त्याचा जन्म झालेला. आला होता अथेन्सला वकिली शिकायला, झाला बुझूकीवाला; घरच्यांना काय वाटले असेल याची मध्यमवर्गीय वाचकांना कल्पना येईलच! त्याने रेबेतिकोतला चरसाचा धूर कमी केला, चाली रुंद केल्या आणि दुःख सर्वांचे केले. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत त्याला सुचलेले ‘ढगाळ रविवार’ हे गाणे १९४८ साली ध्वनिमुद्रित झाले. गाण्यात सैनिक नाही, शत्रूचे नाव नाही. फक्त मनासारखाच काळवंडलेला एक रविवार आहे. पण कोणता काळोख हे ऐकणाऱ्यांना सांगावे लागले नाही. १८ जानेवारी १९८४ रोजी, आपल्या वाढदिवशीच, त्सित्सानिस वारला, तोवर या गाण्याला लोक अर्धे राष्ट्रगीतच मानू लागले होते.

दाराची पहिली कडी आतून निघाली ती ३१ जानेवारी १९४९ रोजी. मानोस हाजिदाकिस नावाच्या तेवीस वर्षांच्या संगीतकाराने अथेन्सच्या कलानाट्यगृहात रेबेतिकोवर जाहीर व्याख्यान दिले. ज्यांच्यापुढे हे नावही काढायचे नाही अशा प्रतिष्ठितांना त्याने सांगितले, की या गाण्याची मुळे बायझंटाइन देवळांतल्या स्तोत्रांत आणि आपल्या लोकगीतांत आहेत. बरोबर त्याने मार्कोसलाही आणले होते. सभेत चुळबूळ झाली, वृत्तपत्रांत वाद झाले. पण बारा वर्षांनी याच हाजिदाकिसच्या ‘नेव्हर ऑन संडे’ चित्रपटातल्या पिरेअसच्या गाण्याला ऑस्कर मिळाले आणि बुझूकी जगाच्या दिवाणखान्यात जाऊन बसली.

एफ्तिहियाबाई आणि लताबाई

या पुरुषांच्या मेळ्यात एक बाई होत्या. एफ्तिहिया पापायानोपूलू. १८९३ साली आशिया मायनरमधल्या आयदिन गावी जन्म, शिक्षण शिक्षिकेचे. १९२२ च्या धामधुमीत त्या मुलींना घेऊन ग्रीसला आल्या. काही काळ त्यांनी नाटकांतून कामे केली आणि पन्नाशी उलटल्यावर त्या गाणी लिहू लागल्या. बाईंना पत्त्यांच्या जुगाराचे विलक्षण वेड होते. पैसे हरले की गाणे लिहायचे आणि रोख रकमेला विकून टाकायचे; मग त्यावर नाव कोणाचे लागते याची त्यांना फिकीर नव्हती. त्यामुळे सगळ्या ग्रीसच्या ओठांवर असलेल्या गाण्यांपैकी कित्येक त्यांची होती, हे लोकांना फार उशिरा कळले. १९६० साली त्यांची मुलगी गेली. १९७२ मध्ये त्या वारल्या आणि २०१९ साली त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला तेव्हा नव्या पिढीला त्यांची ओळख झाली.

त्यांचे शब्द गाणाऱ्यांत स्तेलिओस काझानझीदिस हा गायक अग्रगण्य. निर्वासितांच्या वस्तीत १९३१ साली जन्मलेला, कारखान्यांतून मजुरी केलेला. परदेशी, विशेषतः जर्मनीच्या कारखान्यांत, मजुरीला गेलेल्या ग्रीकांचे तो दैवत होता. १९६५ च्या सुमारास त्याने रात्रीच्या मैफलींतून गाणे कायमचे सोडले. पुढे २००१ साली मरेपर्यंत लोकांना तो भेटला तो तबकडीवर आणि रेडिओवर.

आणि इथे मराठी वाचकाला एक ओळखीचा आवाज भेटतो. १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हिंदी चित्रपट ग्रीसमध्ये फार लोकप्रिय झाले. ‘मदर इंडिया’तल्या नर्गिसबरोबर पिरेअसच्या बायका ढसाढसा रडल्या. ग्रीक बुझूकीवाल्यांनी या चित्रपटांच्या चाली उचलल्या आणि त्यांवर ग्रीक शब्द बसवले. १९५९ साली काझानझीदिसने गायिलेले ‘मान्दुबाला’ हे गाणे तुफान खपले. नाव आपल्या मधुबालाचे. चाल मात्र नर्गिसच्या ‘आवारा’मधली, शंकर-जयकिशन यांनी बांधलेली आणि लता मंगेशकरांनी गायिलेली! ‘मदर इंडिया’साठी नौशादने बांधलेली एक चालही अशीच ग्रीक झाली. तबकडीवर मूळ संगीतकारांना श्रेय मिळत नसे, ही गोष्ट वेगळी आणि वाईट. पण विशेष असे, की तिथल्या विद्वानांनी या ‘हिंदी छापा’च्या गाण्यांना नाके मुरडली. आपल्याकडेही तेव्हा फारसे निराळे चालले नव्हते. १९५२ नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांना ओहोटी लागली आणि श्रोते सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती आली तेव्हा ते घरी परतले. एकाच गाण्याला दोन देशांत दाराबाहेर उभे राहावे लागले आणि दोन्हीकडे ते श्रोत्यांच्या हाताला धरून आत आले.

ज्याचे गाणे ऐकणे हा गुन्हा होता

मिकिस थिओदोराकिस हा हाजिदाकिसच्याच वयाचा; जन्म १९२५. महायुद्धात प्रतिकार चळवळीत, नंतरच्या यादवीत बंदिवासाच्या बेटांवर, मग पॅरिसच्या संगीतविद्यालयात, असा त्याचा प्रवास. १९३६ साली थेसालोनिकीच्या संपात पोलिसांनी गोळ्या घातल्या. मेलेल्या मुलाशेजारी रस्त्यावर बसून आक्रोश करणाऱ्या आईचे छायाचित्र वृत्तपत्रात पाहून यानिस रित्सोस या कवीने ‘एपिताफिओस’ हे विलापकाव्य लिहिले होते. मेताक्सासच्या राजवटीत त्याच्या प्रती अथेन्समध्ये जाहीरपणे जाळल्या गेल्या. १९५८ साली थिओदोराकिसने त्याला चाली दिल्या.

१९६० साली या गीतांच्या दोन ध्वनिमुद्रिका आल्या. एकीत हाजिदाकिसचा वाद्यवृंद आणि नाना मूस्कूरीचा रेशमी आवाज. दुसरीत स्वतः थिओदोराकिसने बुझूकी घेतली आणि ग्रिगोरिस बिथिकोत्सिस या नळकाम करणाऱ्या कामगाराच्या भरड गळ्यात हे काव्य घातले. थोर कवीचे शब्द अड्ड्यावरच्या वाद्यावर? देशभर वाद पेटला. कारखान्यातल्या आणि गोदीतल्या माणसांनी निकाल दिला बुझूकीच्या बाजूने. पुढे १९६४ साली ओदिसेआस एलितिसचे ‘आक्सिओन एस्ती’ हे महाकाव्यही असेच गायिले गेले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते अशी माणसे भावी नोबेल-विजेत्याच्या ओळी गुणगुणू लागली.

२१ एप्रिल १९६७ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. १ जूनच्या लष्करी हुकूम क्रमांक १३ अन्वये थिओदोराकिसचे संगीत वाजवण्यास आणि गाण्यास बंदी आली. मोडणाऱ्यास लष्करी न्यायालय. संगीतकार तुरुंगात गेला, नंतर डोंगरातल्या झातुना खेड्यात स्थानबद्ध झाला. १९७० साली आंतरराष्ट्रीय दबावामुळे त्याला देशाबाहेर सोडले. ग्रीक नभोवाणीवर आता लष्करी कूच-गीते होती. मग घरोघर लोक रात्री खिडक्यांच्या झडपा लावून, आवाज बारीक करून, जर्मन नभोवाणीचे किंवा बी.बी.सी.चे ग्रीक प्रक्षेपण ऐकू लागले. १९६३ चा नोबेल-विजेता कवी यॉर्गोस सेफेरिस याने २८ मार्च १९६९ रोजी बी.बी.सी.वरूनच या राजवटीचा निषेध केला. १९७१ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत हजारो लोक एकदम गाऊ लागले. शब्द सेफेरिसचे, चाल थिओदोराकिसची. एवढ्या लोकांना कोणत्या लष्करी न्यायालयात उभे करणार?

तीन दिवसांची नभोवाणी

नोव्हेंबर १९७३ मध्ये अथेन्सच्या तंत्रविद्यालयात विद्यार्थ्यांनी ठाण मांडले. प्रयोगशाळेतल्या सुट्या भागांतून त्यांनी स्वतःचे प्रक्षेपक यंत्र जुळवले. मारिया दामानाकी आणि दिमित्रिस पापाख्रिस्तोस हे दोन तरुण आवाज शहरभर घुमू लागले. ते औषधे मागत, लोकांना बोलावीत, सैनिकांना भाऊ म्हणून हाका मारीत. क्रीटचा लाडका गायक निकोस क्सिलूरिस आवारात येऊन विद्यार्थ्यांबरोबर गायिला. १७ तारखेच्या पहाटे रणगाड्याने फाटक पाडले. त्या शेवटच्या मिनिटांत पापाख्रिस्तोस ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीताचे शब्द म्हणत होता. माणसे मेली आणि केंद्र मुके झाले, पण आठ महिन्यांनी, जुलै १९७४ मध्ये, ती राजवटही कोसळली.

लोकशाही आल्यावर हाजिदाकिसला सरकारी नभोवाणीच्या ‘तिसऱ्या केंद्रा’चा संचालक नेमण्यात आले. १९७५ पासूनच्या सहा-सात वर्षांत त्याने ते केंद्र तरुण कवी-संगीतकारांना मोकळे केले. मुलांसाठी ‘लिलिपूपोली’ नावाची एक खोडकर नगरी ध्वनीतून उभी केली. तिच्यातल्या गाण्यांवर वाढलेली मुले आज आजी-आजोबा होण्याच्या वयाला आली आहेत.

ट्रकमधून आलेला मुलगा

आज ग्रीसमध्ये ‘त्रागुदोपिओस’ म्हटले की पहिले नाव येते ते दिओनिसिस साव्वोपुलोसचे. १९४४ साली थेसालोनिकीत जन्मलेला हा मुलगा १९६३ मध्ये कायद्याचे शिक्षण सोडून, एका ट्रकवाल्याला हात करून अथेन्सला आला. पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नावच त्याने ‘ट्रक’ ठेवले (१९६६). त्या वेळी अक्रोपोलिसच्या पायथ्याशी, प्लाका भागात, लहान लहान खोल्यांतून एक गिटार आणि एक मेणबत्ती एवढ्या सामग्रीवर नवी गाणी होत. त्या चळवळीला ‘नवी लाट’ म्हणत. आर्लेता नावाची मुलगी तिथेच, खाली मान घालून, जवळजवळ कानात सांगितल्यासारखी गात असे.

साव्वोपुलोसने फ्रान्सचा ब्रासेन्स ऐकला होता, अमेरिकेचा बॉब डिलन ऐकला होता आणि उत्तर ग्रीसचे ढोल-सनई लहानपणापासून ऐकले होते. या सगळ्यांचे त्याने एक कडबोळे केले आणि ते कमालीचे रुचकर निघाले. लष्करी राजवटीने १९६७ मध्ये त्याला पकडून मारहाण केली. कोठडीतही तो गाणी रचीत राहिला. सुटल्यावर त्याने वेड्याच्या बागेच्या, सर्कशीच्या, जत्रेच्या गोष्टी गाण्यातून सांगितल्या. परीक्षकाला वाटे पोरकट बडबड आहे. श्रोत्यांना अर्थ बरोबर लागे. पुढे आपल्या गावच्या निकोस पापाझोग्लू या दुसऱ्या वाग्गेयकाराला त्याने हात दिला. गळ्यात लाल रुमाल बांधणाऱ्या या माणसाने थेसालोनिकीतल्या आपल्या ध्वनिमुद्रणशाळेतून आणखी कित्येकांना वाट करून दिली. पापाझोग्लू २०११ साली गेला, थिओदोराकिस २०२१ साली आणि साव्वोपुलोस ऑक्टोबर २०२५ मध्ये. पण सोक्रातिस मालामास, थानासिस पापाकोन्स्तान्तिनू यांच्यासारखे त्यांच्या मागून आलेले वाग्गेयकार ग्रीक रेडिओवर रोज ऐकू येतात.

आणि एके रात्री…

११ जून २०१३ च्या संध्याकाळी ग्रीक सरकारने काटकसरीच्या नावाखाली सरकारी नभोवाणी आणि दूरचित्रवाणी बंद करण्याचे जाहीर केले आणि त्याच रात्री पडदे काळे झाले. अडीच हजारांवर माणसे एका फटक्यात बेकार झाली. पण कर्मचारी इमारत सोडीनात. त्यांनी महाजालावरून प्रक्षेपण चालू ठेवले. बाहेर आवारात हजारो नागरिक जमले आणि नभोवाणीचा वाद्यवृंद त्यांच्यासाठी वाजवू लागला. वादकांच्या डोळ्यांत पाणी होते. ज्या नभोवाणीने एके काळी बुझूकीला आत घेतले नाही, तीच आता दाराबाहेर उभी होती आणि तिच्यासाठी लोक भांडत होते. बरोबर दोन वर्षांनी, ११ जून २०१५ रोजी, ती पुन्हा सुरू झाली.

यातून एक गोष्ट दिसते. कोणते गाणे चांगले, कोणते हलके, कोणते देशाच्या इभ्रतीला शोभणारे, हे ठरवण्याचा अधिकार अनेकांनी घेऊन पाहिला. सेनापतींनी घेतला, परीक्षकांनी घेतला, विद्वानांनी घेतला. गाणे प्रत्येक वेळी थांबले, कोटाखाली लपले, परक्या देशाच्या केंद्रावरून घरी परतले. पण ज्यांचे सुख-दुःख त्यात होते त्या माणसांनी ते टाकले नाही. आपल्या घरातही मुलांच्या आवडीच्या गाण्यांवर आपण ‘बंद कर ते’ म्हणून ओरडतो, तेव्हा जरा मार्कोसची आठवण ठेवायला हरकत नाही.

तेव्हा या दिवाळीत फराळाची ताटे उचलून झाली, की एखाद्या रात्री अथेन्स लावून पाहा. भाषेची भीती बाळगू नका. आधी बुझूकी ओळखा, मग तिच्या रस्त्यात आपला भैरव सापडतो का ते पाहा, मग बोटांवर नऊ मात्रा मोजा: दोन, दोन, दोन, तीन. घरातले तबलजी चिरंजीव पहिल्या आवर्तनाला चुकतील, दुसऱ्याला कपाळाला आठ्या घालतील आणि तिसऱ्याला आपण होऊन जवळ येऊन बसतील.